रेस डायरेक्टर का गेले, हे विचारा: भारतीय मोटर स्पोर्ट महासंघाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व पदाधिकारी,
फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, चेन्नई

सप्रेम नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरचा. वाळूज एमआयडीसीत ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. रजा मिळाली की रॅलीला किंवा ऑटोक्रॉसला स्वयंसेवक मार्शल म्हणून उभा राहतो. गाडी चालवणारे कुणी वेगळेच असतात. आम्ही उन्हात झेंडा धरून उभे असतो, वॉकीटॉकीवर कान लावून. त्या वॉकीटॉकीच्या पलीकडे जो माणूस बसलेला असतो, त्याच्याबद्दल हे पत्र आहे.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी पॅरिसमधल्या एफआयएने, म्हणजे जगभरच्या मोटर शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, छोटंसं निवेदन काढलं. फॉर्म्युला वनचे रेस डायरेक्टर नील्स विटिश नव्या संधींसाठी पद सोडत आहेत आणि त्यांच्या जागी रुई मार्केस काम पाहतील, एवढंच त्यात होतं. हंगामाच्या तीन शर्यती शिल्लक होत्या: लास व्हेगास, कतार आणि अबू धाबी. पुढची शर्यत दहा-बारा दिवसांवर आलेली. लगेच एका जर्मन संकेतस्थळाने विटिश यांना गाठलं, तेव्हा ते म्हणाले की मी राजीनामा दिलेला नाही.

संस्था म्हणते ते स्वतःहून गेले, ते म्हणतात मी गेलो नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. चालकांच्या संघटनेचे संचालक जॉर्ज रसेल यांनी तेव्हाच बोलून दाखवलं की अशा गोष्टी चालकांना सगळ्यांत शेवटी कळतात. ताशी तीनशे किलोमीटरने गाडी हाकणारा माणूस ज्याच्या भरवशावर वळण घेतो, तो भरवशाचा माणूस बदलल्याचं त्याला बातम्यांतून कळावं, हे मला आजही पचत नाही.

हे सगळं युरोपातलं, मग आम्हाला का लिहितोस, असं आपण म्हणाल. आपण एफआयएचे सदस्य आहात म्हणून लिहितो. त्या दोनशेहून अधिक सदस्य संघटनांच्या आमसभेत भारताची खुर्ची आहे आणि तिच्यावर आपण बसता. वाळूजच्या माणसाचा आवाज पॅरिसला पोचायचा तर तो चेन्नईवरूनच जाणार.

फॉर्म्युला वन नुकतंच बघायला लागलेल्या माझ्या भागातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. रेस डायरेक्टर म्हणजे शिक्षा करणारा पंच नव्हे. पेनल्टी ठरवणारे स्टुअर्ड वेगळे असतात. शर्यत सुरू कधी करायची, थांबवायची केव्हा, सेफ्टी कार (धोका असेल तेव्हा सगळ्यांच्या पुढे राहून वेग आवरणारी गाडी) बाहेर कधी काढायची आणि आत कधी बोलवायची, लाल झेंडा केव्हा, पाऊस किती झाला की पुरे, हे सगळे निर्णय त्याचे. हे निर्णय काही सेकंदांत घ्यावे लागतात आणि पुस्तकात सगळ्याचं उत्तर नसतं. विटिश यांची शेवटची शर्यत साओ पाउलोची होती, ३ नोव्हेंबरची. शनिवारची पात्रता फेरी पावसाने धुवून निघाल्याने ती रविवारी सकाळी उरकावी लागली, त्यात गाड्या आदळत राहिल्या आणि मुख्य शर्यतही लाल झेंड्याने थांबवावी लागली. पात्रता फेरीत एका अपघातानंतर लाल झेंडा उशिरा आला म्हणून चालक मॅक्स व्हर्स्टॅपन चिडला होता. त्यांच्या कामात चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही. चूक असेल तर ‘या कारणासाठी बदललं’ असं सांगता येतं, आणि एफआयएने तेच केलं नाही.

या खुर्चीचा इतिहास आपल्याला माहीत आहे, तरी तो इथे मांडतो, कारण माझी मागणी त्यातूनच निघते. चार्ली व्हाइटिंग १९९७ पासून रेस डायरेक्टर होते. त्याआधी ते ब्रॅभम संघात मेकॅनिक होते. नेल्सन पिके १९८१ आणि १९८३ मध्ये विश्वविजेता झाला तेव्हा त्याच संघात होते. १९८८ मध्ये एफआयएत आले. पान्यापासून सुरुवात केलेला हा माणूस. गाडीत कोणती पळवाट दडली आहे हे त्याला वासावरून कळायचं. संघप्रमुखांशी तो भांडायचा आणि चालकांशी त्यांच्या भाषेत बोलायचा. वीस-बावीस वर्षांत जेवढं त्याच्या हातात येत गेलं, तेवढं त्याच्या डोक्यातच साठत गेलं. १४ मार्च २०१९ रोजी मेलबर्नमध्ये, हंगामाच्या पहिल्याच शर्यतीच्या तीन दिवस आधी, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून ते गेले. वय ६६. त्या रविवारी त्यांची जागा घ्यायला मायकेल मासी उभे राहिले. ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स मालिकेतला हा अनुभवी माणूस. पण व्हाइटिंगच्या डोक्यात होतं ते सगळं त्यांच्या हाती आलं नव्हतं, कारण ते द्यायला पुरेसा वेळच मिळाला नाही.

मृत्यूवर कुणाचा इलाज नाही. पण बावीस वर्षं एकाच माणसावर सगळा डोलारा उभा ठेवला, त्याच्या शेजारी दुसरा वेळेत पुरता तयार केला नाही, हा निर्णय तर माणसांचाच होता.

पुढचं जगाने पाहिलं. १२ डिसेंबर २०२१, अबू धाबी. हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन यांचे गुण बरोबरीत. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना लतिफीची गाडी आदळली, सेफ्टी कार आली. मासी यांनी आधी सांगितलं की एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाऊ देणार नाही. मग त्यातल्या पाचच गाड्यांना जाऊ दिलं, नेमक्या हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपनच्या मधल्या. सेफ्टी कार आत गेली आणि ५८ व्या, म्हणजे शेवटच्या फेरीत विश्वविजेतेपद हॅमिल्टनकडून व्हर्स्टॅपनकडे फिरलं. मी हॅमिल्टनच्या बाजूचा नाही, व्हर्स्टॅपनच्याही नाही. त्या दिवशी मला टीव्हीवर संघप्रमुख थेट रेस कंट्रोलशी वाद घालताना ऐकू आले, ते फार लागलं. आमच्या रॅलीत कुणी सीओसीच्या (क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे स्पर्धा चालवणारा मुख्य अधिकारी) वायरलेसवर असं बोलला असता तर त्याला संध्याकाळच्या आत घरी पाठवला असता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मासी यांना बाजूला केलं. मार्चमध्ये अहवाल आला: मानवी चूक, पण हेतू प्रामाणिक. त्यांच्या जागी विटिश आणि एदुआर्दो फ्रेतास यांनी आळीपाळीने काम पाहायचं ठरलं. सल्ल्याला हर्बी ब्लॅश यांच्यासारखा जुना जाणकार दिला, आणि जिनिव्हात बसून मदत करणारं दूरस्थ केंद्रही उभं केलं. त्या वेळी मला बरं वाटलं होतं. एकाऐवजी दोन माणसं, पाठीशी एक म्हातारा अनुभवी, असंच हवं. पण ऑक्टोबरात जपानमधल्या सुझुकाला भर पावसात, सेफ्टी कार चालू असताना, ट्रॅकवर ट्रॅक्टर आला आणि पिएर गॅसली त्याच्या शेजारून गेला. त्याच ट्रॅकवर २०१४ मध्ये ज्यूल्स बियांकी अशाच वाहनावर आदळला होता आणि पुढच्या वर्षी जुलैत त्याचा मृत्यू झाला. सुझुकानंतर फ्रेतास बाजूला झाले आणि उरलेला हंगाम एकट्या विटिश यांच्याकडे आला. दोन माणसांची पद्धत वर्षभरही टिकली नाही. पुन्हा सगळं एका खांद्यावर आलं, आणि दोन वर्षांनी तोही खांदा अचानक काढून घेतला.

मार्केस नवखे नाहीत. फॉर्म्युला टू आणि थ्रीच्या शर्यती त्यांनी सांभाळल्या आहेत, आणि लास व्हेगासच्या आदल्याच आठवड्यात ते मकाऊच्या शर्यतीवर होते. मकाऊहून थेट लास व्हेगास. दुसऱ्याच शर्यतीत, कतारला, अल्बनच्या गाडीचा आरसा मुख्य सरळ रस्त्यावर पडला आणि फेऱ्यांमागून फेऱ्या तसाच पडून राहिला. शेवटी बोटासची गाडी त्याच्यावरून गेली, काचेचे तुकडे पसरले, हॅमिल्टन आणि साइन्झ यांचे टायर फुटले, तेव्हा कुठे सेफ्टी कार निघाली. त्या आरशासाठी दाखवलेल्या पिवळ्या झेंड्याखाली वेग कमी केला नाही म्हणून नॉरिसला मोठी पेनल्टी बसली. आरसा उचलायला मार्शल पाठवला असता तर भरधाव गाड्यांसमोर त्याचा जीव धोक्यात गेला असता, असं एफआयएने नंतर सांगितलं. मार्शल म्हणून मी ते नाकारत नाही, आरसा उचलायला धावणारा माणूस माझ्यासारखाच कुणीतरी असतो. मार्केस यांच्या माथी मी काही मारत नाही. आधीच्या माणसाने पाच-सहा शर्यती त्यांच्या शेजारी बसून काम हाती दिलं असतं, तर अशा क्षणी त्यांना विचारायला कुणी तरी असतं, एवढंच म्हणतो.

कारखान्यात आमच्याकडे शिफ्ट बदलते तेव्हा जाणारा माणूस नोंदवही भरल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. कोणत्या मशीनचं माप हलतंय, कोणता लॉट अडकवून ठेवलाय, कोणत्या गेजची तारीख उलटली, सगळं लिहून, येणाऱ्याची सही घेऊन मगच तो जातो. कुणाला कामावरून काढलं तरी त्याची नोंदवही काढून घेतात, फेकून देत नाहीत. साध्या ब्रेकच्या पार्टसाठी ही काळजी, तर त्या ब्रेकवर विसंबून वळणात शिरणाऱ्या माणसासाठी किती हवी?

हे वाळूजला समजायला अवघड नाही. १९८५ पासून इथे बजाजच्या गाड्या बनतात, २००१ पासून शेंद्र्याला स्कोडा आहे. या दोन कारखान्यांच्या आजूबाजूला शेकडो लहान-मोठी वर्कशॉप उभी राहिली. या भागातल्या पोरांना गाडी आतून माहीत आहे. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं रात्र रात्र वेल्डिंग करून बग्गी बनवतात, पीथमपूरला बाहाच्या स्पर्धेला नेतात, काही जण फॉर्म्युला भारतसाठी कोइम्बतूरला कारी स्पीडवेवर जातात. शर्यतीची हौस तर मराठवाड्याला पिढीजात आहे. शंकरपटावरची बंदी उठली तेव्हा गावोगाव जोड्या पुन्हा बाहेर निघाल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ईची शर्यत झाली, तेव्हा नांदेड-लातूरकडची मंडळी एसटीने आणि रेल्वेने गेली होती. आमच्यासाठी हैदराबाद परकं नाही, १९५६ पर्यंत आमचं राज्य तेच होतं. पुढच्या वर्षी ती शर्यत रद्द झाली, त्याची हळहळ अजून ऐकू येते.

आता माझा एक अनुभव सांगतो. आयोजकांचं नाव घेणार नाही, कारण मला कुणाला उघडं पाडायचं नाही. एका रॅलीच्या आदल्या रात्री सीओसी बदलले. का बदलले, कुणालाच सांगितलं नाही. सकाळच्या ब्रीफिंगला आमच्या हातात जुनाच कागद, त्यावर जुनंच नाव. मी स्टेजच्या, म्हणजे रॅलीसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या, मधल्या एका फाट्यावर होतो. गावाकडून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, वर चार माणसं, टेपवर मोठ्याने गाणी. ड्रायव्हर म्हणाला, रस्ता आमचाय, कारखान्यात नंबर लागलाय, थांबणार नाही. झीरो कार (स्पर्धकांच्या आधी रस्ता तपासत जाणारी गाडी) निघून गेली होती, म्हणजे पहिली स्पर्धक गाडी मिनिटभरात येणार. मी वायरलेसवर जुन्या सीओसींच्या नावाने हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. शेवटी शेजारच्या पोस्टवरच्या बाईंनी, ज्यांना नवीन नाव कसं कोण जाणे ठाऊक होतं, त्यांनी स्टेज थांबवायला लावली. काही झालं नाही. त्या दिवसापासून माणूस बदलल्याची बातमी माझ्यासाठी कागदावरची राहिली नाही.

आपल्या देशात काही झालं नाही असंही प्रत्येक वेळी म्हणता आलेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर दुचाकी शर्यतीत तेरा वर्षांचा एक मुलगा गेला. ते का घडलं याचा निवाडा मी इथे करत नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्या दिवसानंतर शर्यत चालवणारी माणसं कोण, किती तयार, किती वर्षं शिकलेली, हा प्रश्न आपण टाळू शकत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. पहिल्याच वर्षी पहिल्या सराव सत्रात ट्रॅकवर कुत्रं आलं म्हणून गाड्या थांबवाव्या लागल्या. त्या तीन वर्षांत झेंडे धरायला, रेस कंट्रोलमध्ये बसायला जी मंडळी तयार झाली, त्यांचं पुढे काय केलं? दहा वर्षांनी, २०२३ मध्ये मोटोजीपी ही दुचाकींची जागतिक शर्यत तिथे आली, तेव्हा त्यांतले किती जण हजर होते? मला उत्तर ठाऊक असायला हवं, कारण मी याच पंथातला. पण असा कुठलाही लेखाजोखा आपण जाहीर केल्याचं मी वाचलेलं नाही.

एफआयएला कारण सांगता येतं, हे आपण त्यांना दाखवून देऊ शकता. जानेवारी २०२५ मध्ये स्टुअर्ड जॉनी हर्बर्ट यांना काढलं, तेव्हा एफआयएने सरळ सांगितलं की माध्यमांतलं विश्लेषकाचं काम आणि स्टुअर्डचं काम एकत्र चालणार नाही. पटो न पटो, कारण मिळालं आणि विषय संपला. त्याच्या दोनच महिने आधी टिम मेयर यांना काढलं. पंधराएक वर्षं स्टुअर्ड राहिलेला माणूस. टेक्सासच्या शर्यतीनंतर प्रेक्षक ट्रॅकवर घुसल्याच्या प्रकरणात ते अमेरिकेच्या आयोजकांची बाजू मांडायला उभे राहिले होते. आपल्याला काढल्याचं मोबाइलवरच्या एका मेसेजने कळलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये क्रीडा विभागाचे उपाध्यक्ष रॉबर्ट रीड यांनी कारभाराचा दर्जा घसरल्याचं कारण देऊन राजीनामा दिला. २०२४ च्या सुरुवातीपासून इतके लोक गेले की यादी करायला बसलं तर हे पत्र लांबेल. मेयर २०२५ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहायला निघाले, पण नियमांमुळे त्यांची उमेदवारी मध्येच संपली आणि त्या डिसेंबरात ताश्कंदच्या आमसभेत मोहम्मद बेन सुलायेम बिनविरोध पुन्हा अध्यक्ष झाले. पुढची निवडणूक २०२९ मध्ये. मतपेटीतून बोलायची संधी तोवर नाही, म्हणून सभेत तोंडाने बोलायला हवं.

माझी विनंती अशी. रेस डायरेक्टर किंवा मुख्य स्टुअर्ड पद सोडेल तेव्हा त्यामागचं कारण दोन्ही बाजूंच्या सहीने जाहीर व्हावं, आणि हंगाम चालू असताना बदल करावा लागला तर जाणाऱ्याने किमान काही शर्यती येणाऱ्याच्या शेजारी बसावं, असा प्रस्ताव भारताच्या नावाने आमसभेत ठेवा. कुणाची बदनामी होईल अशी भीती असेल तर तब्येत, करार संपला, मतभेद, शिस्तभंग, एवढ्या चार-पाच शब्दांतला एक शब्दही चालेल. खासगी गोष्टी कुणी मागत नाही. भारताची खुर्ची लहान आहे, प्रस्ताव हरेलही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द चालकांच्या संघटनेने एफआयए अध्यक्षांना खुलं पत्र लिहिलं होतं, आपल्याला प्रौढ माणसांसारखं वागवा आणि दंडाचे पैसे जातात कुठे ते सांगा असं विचारलं होतं. गाडीत बसणारे बोलले. आता सदस्य संघटनांपैकी कुणीतरी बोलावं, आणि ते आपण असावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी आपल्या घरात करा, मग तिकडे सांगायला तोंड राहील. आपल्या परवान्याने होणाऱ्या प्रत्येक शर्यतीचे आणि रॅलीचे सीओसी कोण, त्यांचा बदली माणूस कोण, हे आठवडाभर आधी आपल्या संकेतस्थळावर टाका. ऐनवेळी बदल झाला तर ब्रीफिंगमध्ये, मार्शलांसमोर, नाव आणि कारण मोठ्याने वाचा. प्रत्येक सीओसीसोबत एक शिकाऊ माणूस बसवा, ज्याला दोन-तीन हंगामांनी खुर्ची देता येईल. यासाठी फार पैसा लागत नाही, ठरवणारा लागतो.

आणि एक मराठवाड्याची मागणी. अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण घ्यायचं म्हटलं की आम्हाला पुणे, चेन्नई किंवा कोइम्बतूर गाठावं लागतं. तिकिटाचे पैसे निघतात, रजा निघत नाही. वाळूजला शनिवारी-रविवारी शिबिर घ्या. इथे मुलं आहेत, मुली आहेत, दहा वर्षं झेंडा धरलेले माझ्यासारखे लोक आहेत, निवृत्त झालेले गुणवत्ता निरीक्षक आहेत ज्यांना नोंदवही कशी ठेवायची हे कुणी शिकवायला नको. हॉलची व्यवस्था आम्ही करू, मैदान शोधू, जेवणाचं बघू. प्रशिक्षक तेवढे आपण पाठवा, आणि शिबिराची तारीख लवकर कळवा, म्हणजे शिफ्ट बदलून घेता येईल.

आपला,
एक स्वयंसेवक मार्शल
वाळूज, छत्रपती संभाजीनगर